मधुमेह सांभाळून दमलेल्या ताईंना

पत्र : माझं वय ४९. देवगड तालुक्यात आमची हापूसची बाग आहे. नऊ वर्षं मधुमेह आहे, मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइडच्या गोळ्या चालू आहेत. परवाचा तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा रिपोर्ट (एचबीए१सी) ८.९ टक्के आला. डॉक्टर म्हणाले, "तुम्ही मनावरच घेत नाही." सासूबाई म्हणतात, "आमच्या टायमाक असली थेरां नाय होती." मिस्टर स्वभावाने चांगले आहेत, पण त्यांचं लक्ष सतत माझ्या ताटावर. मुलाचा मुंबईहून फोन आला की पहिला प्रश्न, "शुगर किती?" शुगर तपासायचं मशीन मी कपाटात साड्यांखाली ठेवून दिलंय. गणपतीत घरी पंधरा-सोळा माणसं होती. रोज अकराच्या सुमारास माझे हात थरथरायचे, डोकं गरगरायचं, समोर येईल त्याच्यावर ओरडायचे, आणि मग करंज्यांच्या डब्यात हात जायचा. चोरून खायचे, नंतर स्वतःचीच लाज वाटायची. आताही तसंच होतं. सकाळी उठते तीच दमलेली. काही लक्षात राहत नाही. पाळी मागेपुढे होतेय, आली की फार जाते. रात्री घामाने जाग येते. कधी कधी वाटतं, या सगळ्यातून एकदाची सुटका व्हावी. मी आळशी झालेय, की डोक्याच्या डॉक्टरकडे जायला हवं? कृपया नाव छापू नका.

उत्तर :

ताई,

'एकदाची सुटका व्हावी' या तुमच्या वाक्यापाशी मी आधी थांबते. पुष्कळदा हे नुसतं दमलेल्या जिवाचं बोलणं असतं. कधी कधी त्यामागे जास्त काही असतं. पत्रावरून मला ते कळणार नाही, म्हणून सरळ विचारते : जगूच नये, स्वतःचं काहीतरी करून घ्यावं, असं मनात येतं का? येत असेल तर पुढचं वाचायचं थांबवा. घरात ज्या माणसाशी तुमचं पटतं त्याला हे जसंच्या तसं सांगा आणि १४४१६ वर फोन लावा. ही सरकारची टेलि-मानस सेवा आहे, २०२२च्या ऑक्टोबरात सुरू झालेली. पैसे पडत नाहीत, रात्री-अपरात्री चालते आणि मराठीत बोलता येतं. तोपर्यंत एकट्या राहू नका.

तसं काही नसेल, तर आता निवांत बसून वाचा.

तुम्ही आळशी नाही. पंधरा-सोळा माणसांचा गणपती जिने पार पाडला तिला आळशी म्हणायचं तर कष्टाळू कोणाला म्हणायचं? तुम्ही दमल्या आहात, आणि दमण्याची कारणं तुमच्याच पत्रात आहेत. काही शरीराची, काही मनाची, काही घराची. तुमच्या कामांत आज मी आणखी दहा कामांची भर घालणार नाही. जमतील तितकी कमीच करणार आहे.

सुरुवात त्या अकरा वाजण्यापासून करते, कारण मला सगळ्यात जास्त काळजी त्याची वाटली. ग्लिमेपिराइड ही गोळी स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावते, आणि इन्सुलिनने रक्तातली साखर उतरते. गोळी घेतली की तिचं काम सुरू होतं, तुम्ही जेवलात की नाही हे ती बघत नाही. आता आपल्याकडच्या घराची सकाळ आठवा. आठला गोळी, सोबत चहा, फार तर वाटीभर पेज. मग पाहुण्यांचे घावणे, देवाचं, नैवेद्य, पुरुषांची पंगत, मुलांची पंगत, आणि घरच्या बाईचं ताट दोन-अडीचला. त्या मधल्या वेळात रक्तातली साखर खाली जाऊ शकते. हात थरथरणं, घाम, धडधड, डोकं जड होणं, विनाकारण चिडणं, अचानक भूक ही सगळी साखर उतरल्याची लक्षणं आहेत. तीन महिन्यांचा रिपोर्ट ८.९ असलेल्या माणसाचीही साखर मध्येच उतरू शकते, कारण तो रिपोर्ट सरासरी सांगतो, दिवसातले चढउतार सांगत नाही.

म्हणजे ज्याला तुम्ही चोरून खाणं म्हणता, ते कदाचित शरीराने जीव वाचवण्यासाठी मागितलेलं खाणं असेल. त्यात करंजी तुपात तळलेली. तुपामुळे साखर रक्तात सावकाश मिसळते, लगेच बरं वाटत नाही, म्हणून एकीच्या तीन होतात. तासाभराने साखर वर गेलेली, मन खाली गेलेलं, आणि घरच्यांचं "बघ, पथ्य पाळत नाहीस" ठरलेलं. नऊ वर्षांत तुम्हाला हे कोणी समजावून सांगितलं नसेल, तर तो दोष तुमचा नाही.

म्हणून मशीन साड्यांखालून काढा, पण रोज सकाळी उठून आकडा बघायला नव्हे. तो सोहळा सध्या बंद. नुसत्या गोळ्यांवर असलेल्या माणसाला रोज उपाशीपोटी टोचून घेण्याची बहुतेक वेळा गरजही नसते, किती वेळा बघायचं ते डॉक्टरांशी बोलून ठरवता येतं. तुम्ही फक्त हात थरथरतील तेव्हा बघा, आणि रात्री घामाने जाग आली तर तेव्हा बघा. आकडा ७० च्या खाली असेल तर तीन छोटे चमचे साखर पाण्यात विरघळवून प्या, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासा, आणि बरं वाटलं की भाकरी किंवा भात असं काहीतरी धड खा. मशीन हाताशी नसेल तर आधी साखर, मग मशीन. आकडा ११०-१२० असूनही थरथर होत असेल तर तेही लिहून ठेवा. बरेच महिने साखर चढीच राहिली की शरीराला त्याची सवय होते आणि साधा आकडाही त्याला कमी वाटतो. असे चार-पाच आकडे वेळेसकट कागदावर घेऊन डॉक्टरांकडे जा. गोळीची मात्रा, वेळ किंवा गोळीच बदलायची का, हे त्यांनी ठरवायचं. गोळी आपल्या मनाने बंद करू नका.

आणि गोळी घेतली की अर्ध्या तासात पोटात नाश्ता गेला पाहिजे. पंगत उठायची वाट बघू नका. देव रागावत नाही.

आता सकाळी उठतानाच येणारा थकवा. तो मनाचा आहे असं आधीच ठरवू नका. बायकांचा थकवा 'टेन्शन' या एका शब्दात गुंडाळून घरी पाठवायची आपल्याकडे फार जुनी खोड आहे, आणि त्यात साधे, बरे होणारे आजार राहून जातात. तुम्हाला पाळीत फार जातंय, म्हणजे रक्त कमी असण्याची दाट शक्यता. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या बायकांपैकी ५७ टक्के बायकांना रक्तक्षय आढळला होता. लोह कमी असलं की तीन महिन्यांच्या साखरेचा रिपोर्टही खऱ्यापेक्षा जास्त येऊ शकतो, तेव्हा तुमचा ८.९ हा आकडा पुन्हा एकदा नीट तपासून घ्यायला हवा. मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं घेतल्यावर बी-१२ जीवनसत्त्व उतरू शकतं, त्याने थकवा येतो, पायांना मुंग्या येतात, विसरायलाही होतं. थायरॉइड बिघडलं तरी असाच थकवा येतो. हिमोग्लोबिन, बी-१२, थायरॉइड आणि किडनीसाठी क्रिएटिनिन एवढं एकदा करून घ्या. चारही तपासण्या साध्या रक्ताच्या आहेत. पाळीसाठी स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवा, "वय झालं, असं होणारच" म्हणून सोडू नका. या वयात रात्रीचा घाम पाळी जाण्याचाही असतो आणि साखर उतरल्याचाही. दोन्ही सारखेच वाटतात, म्हणून रात्रीचं मशीन महत्त्वाचं.

एक गोष्ट तुम्ही लिहिली नाही, पण तुमच्यासारखी पत्रं वाचणाऱ्या इतर बायकांसाठी लिहिते. साखर चढी राहिली की अंगावरून जाणं, खालच्या जागी खाज, लघवीची जळजळ वारंवार होते. लाजेने कोणी बोलत नाही, झोप उडते, नवऱ्याजवळ जाणं नकोसं होतं, आणि त्याचाही दोष बाई स्वतःला देते. हा संसर्ग आहे, औषधाने जातो. मधुमेहाच्या काही नव्या गोळ्यांनी तो वाढतोही, तेव्हा डॉक्टरांना सांगाच.

हे सगळं दुरुस्त झालं तरी थोडं उरेलच, त्याबद्दल बोलते.

मधुमेहात उपचाराचं बहुतेक काम डॉक्टर करत नाहीत, पेशंट करतो. ते रोज, तिन्ही त्रिकाळ. काय खाऊ, किती खाऊ, गोळी घेतली का, पाय तपासला का, डोळ्यांचं काय होईल, किडनी टिकेल का. अमेरिकेत विल्यम पोलोन्स्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये या त्रासावर २० प्रश्नांची एक प्रश्नावली तयार केली. पथ्य मोडलं की अपराधी वाटतं का, पुढच्या गुंतागुंतीची भीती वाटते का, या आजारात एकटं पडल्यासारखं वाटतं का, रोजच्या धडपडीने पार गळून गेल्यासारखं वाटतं का, असं त्यात विचारलेलं आहे. तुमचं पत्र म्हणजे त्यातल्या निम्म्या प्रश्नांचं 'हो' असं उत्तर आहे. डॉक्टर लोक याला 'डायबिटीस डिस्ट्रेस' म्हणतात. हा वेडेपणा नाही, मनाचा दुबळेपणाही नाही. न संपणारं काम एकट्याने केल्यावर येणारा हा शीण आहे. तो साखरेवर उलटतोही. ताणात शरीर कॉर्टिसोल आणि अ‍ॅड्रेनलीन सोडतं, दोन्ही साखर चढवतात. मनाने हरलेल्या माणसाच्या हातून गोळी चुकते, तपासणी टळते. मग आकडा वाढतो, बोलणी वाढतात, शीण वाढतो.

बायकांच्या वाट्याला हे जास्त का येतं, ते आपल्या घरात दिसतं. घरातल्या पुरुषाला मधुमेह झाला की स्वयंपाकघर बदलतं. त्याचा चहा वेगळा, नाचणीची भाकरी, ताटाशेजारी गोळी, वेळेवर जेवण. हे सगळं बायको करते. बाईला मधुमेह झाला की कोण बदलतं? तीच सगळ्यांसाठी भात रांधते, सारण चाखून बघते, मोदक वळते, आणि तिनेच त्यापासून लांब राहायचं. वर तिच्या ताटावर पहारा. कोणाही माणसाचं मन यात थकेल.

डोक्याच्या डॉक्टरकडे जावं का, असं विचारलंत. हा शीण आणि नैराश्य एकमेकांना लागून असतात, पण एकच नव्हेत. ओळखायची एक ढोबळ खूण सांगते. मधुमेहाच्या गोष्टी सोडल्या तर बाकी मन लागतं का? माहेरचं माणूस आलं, भजनाला बसलात, नातवंडाने हाक मारली, बागेत पालवी-मोहोर बघायला गेलात, तर बरं वाटतं का? वाटत असेल तर बहुधा हा मधुमेहाचा शीण आहे, आणि गोळ्यांची घडी बसली, घर थोडं हललं की तो उतरतो. पण सलग दोन आठवडे, जवळजवळ रोज, कशातच रस वाटत नसेल, मन उदास, झोप आणि भूक बिघडलेली, आपण कोणाच्या कामाचे नाही असं वाटत असेल, तर ते नैराश्य असू शकतं, आणि मग मानसोपचारतज्ज्ञांकडे जायलाच हवं. मधुमेह असलेल्यांत नैराश्याचं प्रमाण इतरांच्या जवळजवळ दुप्पट आढळलेलं आहे, आणि त्यातही बायकांत पुरुषांपेक्षा जास्त. त्यावर समुपदेशनाने आणि औषधांनी चांगला गुण येतो. त्या गोळ्यांचं व्यसन लागत नाही, फक्त त्या आपल्या मनाने अचानक थांबवायच्या नसतात. ओरोसच्या सिंधुदुर्ग जिल्हा रुग्णालयात मानसोपचाराची ओपीडी कोणत्या वारी असते ते गावातल्या आशाताईंना विचारा. एसटीने जायला लाज कसली? डोळे तपासायला जाता, तसंच हे.

डॉक्टरांचं "मनावर घेत नाही" हे बोलणं मला पटलं नाही, आणि ते मी लिहून ठेवते. मनावर घेतलं नसतं तर तुम्हाला मशीन लपवावंसं वाटलं नसतं. पण डॉक्टर बदलायच्या आधी एकदा त्यांना समोर बसून सांगा : "अकराला थरथर होते, हे आकडे. सकाळी दमलेली असते, या तपासण्या लिहून द्या. आणि ओरडलात की मी महिनाभर इकडे फिरकत नाही." शेवटचं वाक्य धीर करून बोला. चांगला डॉक्टर ते ऐकून खुर्ची पुढे ओढतो. नाहीच ऐकलं, तर दुसरा बघा.

आता यापुढचा भाग मिस्टरांना वाचून दाखवा, किंवा त्यांच्या हातात द्या.

दादा, तुमचं बायकोवर लक्ष आहे ते काळजीपोटी. तुम्ही स्वभावाने चांगले आहात, हे ताईंनीही लिहिलंय. पण ताटाकडे बघितल्याने साखर उतरत नाही, घास लपतो. त्यापेक्षा तीन कामं अंगावर घ्या. तिच्या गोळ्या संपण्याआधी आणणं तुमचं. सकाळी साडेआठला ती चुलीपुढून उठून खायला बसली की नाही हे बघणं तुमचं, पाहुणे असले तरी. आणि तपासणीला तिच्याबरोबर जाणं तुमचं, आत बसून आकडे तुम्ही सांगा. ती थरथरायला लागली, चिडली, घामाघूम झाली, तर वाद न घालता साखरपाणी द्या. हे घरातल्या प्रत्येकाला माहीत हवं. त्या वेळी चुकून दिलेल्या तीन चमच्यांनी मोठं नुकसान होत नाही, न दिल्याने होऊ शकतं. मुलालाही सांगा, फोनवर पहिला प्रश्न "आई, जेवलीस का?" हा असू दे. शुगर त्याला रिपोर्टवरून वाचता येईल. मशीनच्या पट्ट्या त्याने पाठवाव्यात, आईने त्यासाठी घरखर्चातून पैसे काढायला लागू नयेत.

सासूबाईंशी भांडू नका, ताई. त्यांच्या टायमाक बायका दमत नव्हत्या असं नाही, त्यांना कोणी विचारत नव्हतं. त्यांना कुळथाची पिठी, नाचणीची आंबील, तारल्यांचं तिखलं करायला सांगा, तेच सगळ्यांच्या ताटात वाढा. पथ्याची वेगळी चूल मांडू नका. घरात सगळ्यांनाच भात थोडा कमी आणि पिठी, भाजी, मासे जास्त झाले तर कोणाचं बिघडणार आहे? २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) मोठ्या अभ्यासात तुमच्या शेजारच्या गोव्यात मधुमेहाचं प्रमाण २६.४ टक्के निघालं, देशात सगळ्यात जास्त. कोकणातलं ताट फार वेगळं नाही. तुमच्या घरात उद्या आणखी कोणाला हा आजार निघू शकतो.

आंब्याबद्दलही सांगून टाकते, कारण बागायतदाराच्या घरात एप्रिल-मेमध्ये तेच भांडण असणार. डागी फळांची रास पडवीत आणि घरच्या बाईने हात लावायचा नाही, हा छळ आहे. अर्धा हापूस, त्या जेवणातला भात तेवढा कमी करून, सगळ्यांसमोर बसून खा. लपून खाल्लेली फोड कधीच एक राहत नाही. चालण्याचंही तसंच. बाग चढून-उतरून पाय दुखलेल्या बाईला पाऊण तास फिरायला जा म्हणणं मला पटत नाही. जेवण झाल्यावर लगेच भांड्यांना न बसता दहा-पंधरा मिनिटं खळ्यात फेऱ्या मारा, त्याने जेवणानंतरची साखर कमी चढते. भांडी तेवढा वेळ थांबतील, किंवा दुसरं कोणी घासेल.

नवरात्र जवळ आलंय आणि तुम्ही नऊ दिवसांचे उपास धरत असणार, म्हणून हे आत्ताच ठरवा. हरतालिकेला निर्जळी केली असेल तर पुन्हा तसं करू नका. ग्लिमेपिराइड घेऊन उपाशी राहणं धोक्याचं आहे, आणि साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट, त्याने साखर एकदम चढते. घटस्थापनेच्या आठवडाभर आधी डॉक्टरांकडे जा. धरायचाच असेल तर एकच दिवस धरा, त्या दिवशी कोणती गोळी घ्यायची आणि कोणती नाही हे त्यांच्याकडून कागदावर लिहून आणा, आणि तो कागद फ्रिजवर सगळ्यांना दिसेल असा चिकटवा. दर दोन-तीन तासांनी वरी, दही, शेंगदाणे असं काही पोटात असू द्या. थरथर झाली तर उपास तिथेच सोडायचा, कोणाला विचारायचं नाही.